पेटीवरून कीबोर्डवर येताना: कॉर्डचा हिशोब

गणपतीत चाकरमान्यांबरोबर कीबोर्डही गावी येतो, आणि भजनाला पेटीशेजारी मांडला की त्यावर पेटीसारखीच एकेरी चाल वाजत राहते. त्यात काही मजा नाही, ते काम पेटी जास्त चांगलं करते. कीबोर्डवर कॉर्ड वाजवावी. सरगम पाठ असलेल्याला ती अवघड नाही.

कॉर्ड म्हणजे एकत्र दाबलेले तीन स्वर. सा-ग-प दाबले की मेजर, त्यातला ग कोमल केला की मायनर. कुठल्याही पट्टीवरून मोजायचं तर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धराव्या: मेजरसाठी आधी ४ पुढे, मग ३ पुढे, मायनरसाठी आधी ३, मग ४. पांढरी एक म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी, पुढचे आकडे तिथूनच उजवीकडे मोजायचे, आणि इथे तिलाच सा धरू. पांढरी एकपासून मेजर म्हणजे पांढरी एक, तीन, पाच. काळी एकपासून काळी एक, पांढरी चार, काळी चार. मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे जिथून सुरुवात केली तीच पट्टी ‘एक’ धरणं. तसं केलं की प्रत्येक कॉर्ड एका पट्टीनं आखूड पडते आणि कानाला टोचते.

बैठक आधी नीट करा. पेटीच्या पट्ट्या जमिनीपासून बऱ्यापैकी वर असतात, कीबोर्ड बसका असतो. तो तसाच जमिनीवर ठेवला की मनगट वर मोडतं आणि करंगळीत जोर येत नाही. खाली चौरंग घ्या. कोपर आणि पट्ट्या साधारण एका उंचीवर आल्या पाहिजेत. उजव्या हाताचा अंगठा सा वर, मधलं बोट ग वर, करंगळी प वर. तिन्ही बोटं एकाच क्षणी खाली गेली पाहिजेत. करंगळी मागाहून पोहोचत असेल तर नुसते अंगठा आणि करंगळी घेऊन सा-प वाजवा, ते जमलं की मधलं बोट आत आणा. आणखी एक, पेटीत भाता चालू आहे तोवर सूर टिकतो. कीबोर्डवरचा पियानोचा आवाज पट्टी दाबल्या क्षणापासून विरत जातो. म्हणून कॉर्ड धरून बसायचं नसतं, ठेक्याबरोबर पुन्हा वाजवायची असते. भजनी ठेक्याच्या ८ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर वाजवली तरी सुरुवातीला पुष्कळ.

खरी मेहनत कॉर्ड बदलण्यात आहे. शुद्ध स्वरांच्या चालींना तीन कॉर्ड बहुतेक वेळा पुरतात: सा-ग-प, म-ध-सां आणि प-नी-रें. नवशिका प्रत्येक वेळी हात उचलून नव्या जागी नेतो, तिथे बोटं चाचपडतात आणि ठेका पुढे निघून जातो. हात उचलूच नका. सा-ग-प धरलेलं असताना अंगठा सा वरच ठेवा, मधलं बोट ग वरून म वर, करंगळी प वरून ध वर सरकवा: सा-म-ध. कॉर्ड ‘म’चीच, फक्त स्वरांचा क्रम फिरलेला. परत सा-ग-प वर या. आता करंगळी प वर ठेवून अंगठा खालच्या नी वर, तर्जनी रे वर: नी-रे-प. म्हणजे ‘प’ची कॉर्ड. या तिन्हींची फिरकी मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत, प्रत्येकीला ४ ठोके देऊन घोटा. लय वाढवायची घाई नको.

डावा हात पेटीत भात्यावर असतो, त्यामुळे त्याची बोटं कच्ची राहतात. त्याला एकच काम द्या: कॉर्डच्या नावाचा स्वर, एक सप्तक खाली, करंगळीनं. पूर्ण कॉर्ड तिथे खाली वाजवली तर गदगद आवाज होतो आणि मृदंगाच्या घुमाऱ्यात सगळं बुडतं.

कुठे कुठली कॉर्ड? समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, चाल कुठल्या स्वरावर टेकते ते पाहा. सा किंवा ग असेल तर ‘सा’ची, म किंवा ध असेल तर ‘म’ची, रे किंवा नी असेल तर ‘प’ची. प वर टेकली तर ‘सा’ची आणि ‘प’ची दोन्ही चालतात, कानाला विचारा.

बुवांचा सूर काळी दोन असेल तर ट्रान्सपोज (सगळ्या पट्ट्यांचा सूर वरखाली सरकवणारी सोय) +३ करून पांढरी एकवरूनच वाजवता येतं. मात्र नंतर तो शून्यावर आणायला विसरू नका. आणि डावीकडच्या पट्ट्या सूर न देता भलतीच साथ वाजवू लागल्या तर कीबोर्ड बिघडलेला नाही, स्टाईलचं बटण चालू राहिलंय. पावसाळ्यात मात्र पट्ट्या खरंच मुक्या होतात: दमट हवेनं आणि धुळीनं आतले संपर्क नीट टेकत नाहीत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, ओल आतच कोंडते. सुती कापड घाला आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. वीज कडाडू लागली की प्लग काढा.

रागातल्या चालींना मात्र तीन कॉर्डचा साचा लावू नये. भूप रागात म आणि नी नाहीत, म्हणजे ‘म’ची आणि ‘प’ची कॉर्ड दोन्ही राग मोडतात. पूर्ण बसतात त्या दोनच: सा-ग-प आणि ध-सां-गं. रे वर चाल थांबली तर नुसते रे-ध किंवा प-रें धरा. भैरवीत ‘प’ची मेजर घातली तर शुद्ध नी आणि शुद्ध रे घुसतात आणि बुवा मागे वळून बघतात. तिथे कोमल रे वरची मेजर घ्या: काळी एक, पांढरी चार, काळी चार, म्हणजे कोमल रे, म, कोमल ध. मग तिन्ही बोटं किंचित खाली घसरवून पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाचवर, ‘सा’च्या मायनरवर या.