चर ओढ्याला जोडताना या चुका टाळा

रानात पाणी तुंबलं की आपण तुंबलंय तिथंच चर खोल करतो. पलूस, वाळवा, मिरज भागात क्षारपड (क्षार साचून नापीक झालेल्या) रानांसाठी चर काढताना हीच चूक सगळ्यात जास्त होते. आमच्या शिवारातही दोन उन्हाळे वरचा चर जेसीबीनं उकरला. अडथळा मात्र चर ओढ्याला मिळतो त्या संगमाखालच्या, पाचटानं भरलेल्या सिमेंटच्या नळ्यांत होता. सपाट रानात संथ वाहणाऱ्या पाण्याची उंची खालून ठरते. खाली वाट अपुरी असली की पाण्याचा फुगवटा मागं चरात आणि ओढ्यात, दोन्हीकडं चढतो. हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम सांगलीच्या खालच्या अंगाला आहे, तरी वारणेला मोठा पूर असला की सांगलीत कृष्णा लवकर उतरत नाही, ती याच कारणानं.

दुसरी चूक काटकोनात जोडण्याची. बांधाच्या रेषेत सरळ चर काढायला सोपा जातो, म्हणून सगळे तसंच करतात. पण बाजूनं आलेलं पाणी एकदम वळत नाही. ते आपल्या जोरात पलीकडच्या काठाकडं जातं आणि तो काठ खातं. अलीकडं, कोपऱ्याच्या लगेच खाली पाणी थबकतं, गोल फिरतं आणि तिथं गाळ बसतो. त्या गाळानं वाट आणखी अरुंद होते. पाचटाचे चार तुकडे टाकून बघा. ते जिथं फिरत राहतात किंवा हळूच उलटे येतात, ती मेलेली जागा. चराचे शेवटचे काही मीटर ओढ्याच्या वाहत्या दिशेला वळवून ३० ते ४५ अंशांत जोडा, खालचा कोपरा गोल करा आणि समोरच्या काठाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करा. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन पूर्वेला वळतात, हे खरं. पण त्या नद्यांनी आपलं पात्र स्वतः कोरलंय. आपल्या मातीच्या चराला तेवढी जागा कोण देणार?

संगमाखाली रुंदीचा अंदाजही चुकतो. दोन्हीकडून सारखंच पाणी आलं, तर त्याच रुंदीत आणि त्याच उतारावर खोली दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होते. काठाला तेवढी उंची हवीच. उगाच दुप्पट रुंद केलं तर एरवी थोडं पाणी पसरून वाहतं, गाळ धरतो आणि लव्हाळा माजतो.

चराचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा खाली नको, पाणी उलटं शिरतं. फार वरही नको. पाणी धबाधबा पडून तळ खणतं आणि तो खड्डा रानात मागं सरकत जातो.

नेमकं दुखणं कुठंय, हे कळायला चरात आणि ओढ्यात संगमाच्या थोडं वर एकेक आणि एक संगमाखाली अशा तीन काठ्या रोवा. गवंड्याकडची पाणी भरलेली लेव्हलची नळी लावून पाण्याची उंची ताडून बघा. खालच्या काठीशी पाणी एकदम उतरलेलं दिसलं, तर जोडाचा आकार चुकलाय. तिन्हीकडं पातळी जवळपास सारखी असेल, तर जोडाला हात लावू नका. ओढ्याकडेनं खाली चालत जाऊन पहिला पूल, पहिली नळी तपासा.