हरबऱ्यात हरणं शिरतात? पॉइंट टू-टूचा विचार सोडा, हे करा

दिवाळी आटोपली, हरबरा चार बोटं वर आला की आमच्याकडे कोणी ना कोणी विचारतंच, "काका, पॉइंट टू-टू नं चितळ पडते का जी?" यंदा विचारणारा माझा सख्खा पुतण्याच होता. अडीच एकर हरबरा, धुऱ्याला लागून जंगल, एका रात्रीत पंधरा-वीस चितळं येऊन शेंडे खुडून गेली, सकाळी पोरगा वावरात उभा राहिला तर तोंडातून शब्द निघेना. त्याचा राग मला समजतो, मी पण चिमूर तालुक्यातलाच, माझं वावर पण नाल्याच्या काठी जंगलाला खेटूनच आहे. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून राहिलो, ज्याचं वावर जंगलाकाठी आहे त्यानं पूर्ण वाचावं.

आधी बंदुकीचंच बोलू, कारण डोक्यात तेच घोळत असते. पॉइंट टू-टू म्हणजे .२२ ची हलकी रायफल, तिची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम. नळीतून निघताना स्पीड सेकंदाला बाराशे फुटाच्या आसपास आणि ताकद १२०-१४० फूट-पाउंड. आता हे बघा, इंग्लंडमध्ये हरणाची शिकार कायद्यानं चालते, तिथला १९९१ चा डिअर ॲक्ट म्हणतो की हरणावर रायफल चालवायची तर बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, कमीत कमी .२४० इंच पाहिजे आणि ताकद कमीत कमी १७०० फूट-पाउंड. आपल्या भेकराच्या जातीतलं तिकडं एक मुंटजॅक असते, कुत्र्याएवढं जनावर, त्याच्यासाठी थोडी सूट, तरी पण .२२० बोअर, ५० ग्रेनची गोळी आणि १००० फूट-पाउंड लागतेच. म्हणजे ज्या देशात शिकार चालते तिथे पण तुमची पॉइंट टू-टू भेकरावर सुद्धा चालवू देत नाहीत, आणि आपण सत्तर-ऐंशी किलोच्या चितळाच्या नराची गोष्ट करून राहिलो.

पोरं मग मोबाइल दाखवतात, अमेरिकेतल्या माणसानं "बावीस"नं हरण पाडलं म्हणून. अरे बाबा ती .२२३ असते! गोळीची जाडी जवळपास सारखी, पण मागचं काडतूस केवढं लांब आहे ते बघा ना. ५५ ग्रेनची गोळी, स्पीड सेकंदाला बत्तीसशे फूट, ताकद बाराशे-तेराशे फूट-पाउंड, म्हणजे पॉइंट टू-टूच्या नऊ-दहा पट. आणि ती सुद्धा सगळीकडे चालत नाही, कोलोरॅडो राज्यात मोठ्या जनावराला .२४ च्या खालचा बोअर मना आहे, व्हर्जिनियात हरणाला .२३ पासून पुढे, टेक्सासमध्ये .२२३ चालते पण रिमफायर म्हणजे आपली ही पॉइंट टू-टू हरणावर चालत नाही. जिथं .२२३ चालते तिथले जाणते शिकारी पण सांगतात की आत जाऊन फुलणारी सॉफ्ट पॉइंट गोळी पाहिजे, साठ ग्रेन आणि वरची असली तर बरं, जनावर पूर्ण आडवं उभं असावं, पुढच्या पायाच्या मागे छातीतच मारावी, अंतर शंभर यार्डाच्या आत असावं, आणि जनावर तिरपं उभं असेल तर बोट ट्रिगरवरून काढून घ्यावं. लहान बोअरला चुकायला जागाच नाही, एवढं साधं आहे ते. दिवसाउजेडी, टेका देऊन, महागडी दुर्बीण लावून हे करतात ते लोक. आपण अंधारात, टॉर्चच्या उजेडात, रागानं हात थरथरत असताना काय करणार?

मी हे पुस्तकातून सांगून राहिलो असं नाही. मी सातवी-आठवीत असेन, बाहेरगावचे कोणी लोक जीप घेऊन रात्री आमच्या शिवारात फिरले, दोन बार झाले, गेले. तिसऱ्या दिवशी बाबा न मी तुरीत गेलो तर आधी वास आला. तुरीच्या ओळींच्या मधोमध चितळाची मादी बसलेली, नाल्याकडे तोंड करून, पाण्यापर्यंत जायचं होतं बहुतेक तिला, जमलं नाही. बरगडीच्या मागे पोटाला वाटाण्याएवढं भोक, त्याच्याभोवती निळ्या माशा, आणि ती जिवंत होती. आम्हाला बघून उठायला गेली, पुढचे पाय टेकले, मागचे उठलेच नाहीत. बाबांनी खांद्यावरचं धोतराचं फडकं ओलं करून तिच्या तोंडाला लावलं, मला नाकेदाराला, म्हणजे वनरक्षकाला, बोलवायला पाठवलं, मी त्याला घेऊन परत येतपर्यंत ती गेली होती. तीन दिवस! छोट्या गोळीनं जनावर पडत नाही, ते पळते आणि कुठंतरी तुरीत पडून तीन दिवस मरत राहते. तुमचा हरबरा त्यानं वाचत नाहीच, कळप दोन दिवसांनी परत येतो.

दुसरं, गोळी जनावराला लागली नाही तर जाते कुठं? पॉइंट टू-टूच्या काडतुसाच्या डब्यावर दीड मैलापर्यंत धोका असं छापलेलं असते, म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. आपल्या शिवारात अडीच किलोमीटरमध्ये किती जागल्या असतात मोजा. शेजारच्या मचाणावर कोणाचा तरी म्हातारा बाप बसलेला असतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, चितळ, सांबर, काळवीट, भेकर यांची शिकार पूर्ण बंद, "माझ्या वावरात आलं होतं" हे कारण चालत नाही. काळवीट न सांबर पहिल्या अनुसूचीत आहेत, तिथे तीन ते सात वर्षं कैद. रोही (नीलगाय) न रानडुक्कर पिकाची नासाडी करत असतील तर वनखात्याची लेखी परवानगी घ्यायची सोय आपल्या राज्यात आहे, पण ती त्या दोघांपुरतीच, आणि परवानगी हातात असल्याशिवाय काही नाही. पीक राखायला म्हणून बंदुकीचं लायसन मागायला गेलात तरी १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी नाव घेतलं आहे ते ठासणीच्या बंदुकीचं, रायफलचं नाही. छर्ऱ्याच्या एअरगननं पण हरणाला "फक्त चटका" द्यायला जाऊ नका, डोळा फुटतो जनावराचा, आणि तो पण शिकारीचाच गुन्हा आहे.

आता कामाचं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो झटका मशीनचा, पण बसवायला दहा जणांपैकी आठ जण चुकतात आणि मग म्हणतात मशीन बोगस. मशीन करते काय, तर बारा व्होल्टच्या बॅटरीवरून सेकंदा-सव्वा सेकंदाला एक झटका तारेत सोडते, व्होल्टेज हजारोंमध्ये पण झटका इतका बारीक वेळेचा की जनावर दचकते, मरत नाही. हा झटका जनावराच्या अंगातून जमिनीत जाऊन अर्थिंगमधून मशीनकडे परत आला तरच लागतो. म्हणजे अर्धी मशीन तर अर्थिंगच आहे, आणि लोक तिथेच कंजूषी करतात, हातभर सळई ठोकली की झालं. तसं नाही. जीआयच्या तीन सळया घ्या, पाच-सहा फूट खोल ठोका, एकमेकीपासून दहा फुटावर, तिन्ही एकाच तारेनं जोडा, आणि जागा ओलीची निवडा, विहिरीच्या पाटाजवळ, नाल्याच्या अंगाला. जानेवारी-फेब्रुवारीत जमीन भेगाळते तेव्हा हप्त्यातून दोनदा सळयांच्या बुडाशी बादलीभर पाणी टाका. माझ्याकडे पहिल्या वर्षी चितळं तारेला अंग घासून आत येत होती, मी मशीन बदलायला निघालो होतो, शेवटी कळलं सळया मुरमात ठोकल्या होत्या.

तारेची उंची जनावर पाहून ठेवा. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून आठ-दहा इंचावर, कारण ते नाकानं उचलून खालून शिरते. चितळासाठी त्याच्यावर, जमिनीपासूनच मोजून, दीड-पावणेदोन फुटावर दुसरी, तीन फुटावर तिसरी, साडेचारवर चौथी, जमलं तर सहा फुटावर एक अजून. लोकांना वाटते हरीण उडी मारूनच येते, तसं नाही, त्याला खालून किंवा तारांच्या मधून जाता आलं तर ते उडी मारत नाही, म्हणून मधली फट मोठी ठेवू नका. तार ताणून ठेवा, ढिली तार केसांवरून घसरते. तारेवर दहा-बारा पावलांवर पांढऱ्या पट्ट्या किंवा चमकीच्या पट्ट्या बांधा, रात्री जनावराला तार दिसली पाहिजे, नाही तर ते पळता पळता तार तोडूनच आत जाते आणि मग झटका लागो की न लागो, वावर तर उघडं झालंच.

आणि गवत! तारेला एक ओली काडी टेकली तरी करंट तिथूनच जमिनीत उतरतो. तारेखालचा दोन हाताचा पट्टा सगळा हंगाम साफ ठेवावा लागतो, याला दुसरा इलाज नाही. पाऊस-दहिवर पडलं की सकाळी एक फेरी मारा, कान लावला तर जिथं गळती आहे तिथं टक-टक आवाज येतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. झटका मशीन नाही म्हणून थ्री-फेजची लाइन सरळ तारेत सोडू नका. दरवर्षी आपल्या विदर्भात यानं माणसं मरतात, स्वतःचाच भाऊ, स्वतःचीच बायको सकाळी तारेला लागते, वाघ मरतात ते वेगळं. २३० व्होल्टची लाइन सोडत नाही, धरून ठेवते. गावात कोणी असं करत असेल तर शेजारधर्म म्हणून गप्प बसू नका, आधी त्याला समजवा, नाही ऐकलं तर लाइनमनला सांगा.

मशीनला पैसे नसतील तर व्याघ्र प्रकल्प, अभयारण्य याच्या आसपासच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सोलर कुंपणाला अनुदान मिळते, गावच्या समितीकडे किंवा वनखात्याच्या नाक्यावर विचारा, हंगाम सुरू व्हायच्या आधी अर्ज टाका, डिसेंबरमध्ये धावून उपयोग नाही.

ज्यांना हे पण जमत नाही त्यांनी धुऱ्यावर करडई पेरावी, तीन-चार ओळी, दाट. काटे आले की चितळ-रोही तिथे तोंड घालत नाहीत, आणि करडईचं तेल घरी होते. साड्या बांधणं, लाल-निळे लाइट, डबे, केसांचे गठ्ठे, हे सगळं चालते पण आठ-दहा दिवस, जनावर शिकते. म्हणून एकाच जागी ठेवू नका, दर तीन दिवसांनी जागा बदला, आज लाइट नाल्याकडे तर परवा रस्त्याकडे.

जागल करायची तर एकट्यानं नको. आमच्याकडे वाघ आहे, बिबट आहे. तीन-चार वावरांची मिळून पाळी लावा, मचाण दहा फुटाच्या वर बांधा, खाली झोपू नका, आणि लघवीला उतरलात तरी टॉर्च मारून, जोरानं बोलत उतरा. अंधारात वाकून बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. कळप आला तर जंगलाकडची बाजू मोकळी सोडून हाकला, चारी बाजूनं घेरलं तर चितळं बावचळून उभ्या पिकातूनच धावतात, खाल्लं नसतं त्याच्या दुप्पट तुडवतात.

एवढं करून पण नुकसान झालं तर भरपाई मागा, लाजू नका, तो हक्क आहे. तीन दिवसाच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज गेला पाहिजे, इथेच बहुतेक लोक हुकतात, "बघू बाजाराच्या दिवशी" म्हणतात आणि मुदत निघून जाते. सकाळी पहिलं काम म्हणजे फोटो, एक लांबून पूर्ण वावराचा, एक जवळून खुडलेल्या शेंड्याचा, एक खुराच्या ठशाचा बाजूला काडेपेटी ठेवून, आणि लेंडी पडली असेल तर तिचा पण. पंचनामा होतपर्यंत ती जागा वखरू नका. माझ्या एका वर्षीच्या पंचनाम्याला साहेब लोक उशिरा आले, तोवर मी दुबार पेरणीची घाई केली होती, दाखवायला काहीच उरलं नाही आणि अर्ज तसाच पडला. त्याच्यानंतर मी सातबारा, आधार, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, तिन्हीचे दोन-दोन सेट पिशवीत घालून घरच्या खुंटीलाच टांगून ठेवतो. अर्ज दिला की पोच घ्या, सही-शिक्क्याची, मोबाइलमध्ये तिचा पण फोटो काढा.

जखमी चितळ वावरात दिसलं, कोणाच्या का गोळीनं असेना, तर १९२६ ला फोन लावा, तो वनखात्याचा नंबर आहे. हात लावू नका, कुत्री दूर ठेवा, लोकांची गर्दी होऊ देऊ नका, जनावर माणसांच्या भीतीनंच जीव सोडते. आणि गावात कोणी "आता मरणारच आहे तर" म्हणून सुरी काढली तर त्याला तिथेच अडवा, मेलेलं जनावर सरकारचं असते, मांस खाणारा पण गुन्ह्यात येतो.

पुतण्याच्या वावरात मागच्या रविवारी आम्ही दोघांनी तारा ओढल्या, सळया त्याच्या विहिरीच्या पाटाजवळ ठोकल्या. सोमवारी रात्री कळप आला, धुऱ्यापर्यंत आला, एका चितळानं नाक लावलं आणि सगळे नाल्यात परत. खुरांचे ठसे तारेच्या बाहेरच होते, आम्ही सकाळी दोघं बसून मोजले.