नीटची तयारी आणि गोठ्यातला अनुभव: वेळ कशी वाटायची

महाराष्ट्रात बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.चा, म्हणजे पशुवैद्यक होण्याच्या पदवीचा, प्रवेश नीट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. जनावरांच्या दवाखान्यात शंभर तास काढले म्हणून त्यात एक गुणही वाढत नाही. मग अकरावी-बारावीत अनुभव घ्यायचा कशाला? साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एवढा काळ शेण, पू आणि रक्तात हात घालायची आपली तयारी आहे का, हे आधी कळावं म्हणून. 'कुत्री-मांजरं आवडतात' एवढ्यावर आलेल्यांना व्यायलेल्या गायीची अडकलेली जार (वार) काढताना पाहिल्यावर खरा अंदाज येतो, आणि तो अंदाज फी भरण्यापूर्वी आलेला बरा.

म्हणजे अनुभव थोडा पण नियमित हवा आणि तो परीक्षेच्या वेळापत्रकात बसवायला हवा. अकरावीत आठवड्याला चार-पाच तास पुरतात. बारावीच्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत ते तीनवर आणा. डिसेंबरपासून नीट होईपर्यंत शून्य: आधी प्रात्यक्षिकं, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड आणि मे महिन्यात नीट. या काळात 'फक्त एक तास जाऊन येतो' म्हणणाऱ्याची अख्खी सकाळ जाते, कारण अडलेली गाय घड्याळ बघत नाही.

नीट दुपारी 2 ते 5 असते, म्हणून सराव परीक्षाही त्याच वेळेला द्यायची असते. ती रविवारी असेल, तर त्या सकाळी दवाखाना नको. पहाटेपासून उभं राहून आलेला मुलगा जीवशास्त्राचे 90 प्रश्न रेटून नेतो, पण भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीत अडखळतो. आणि बहुतेकांचे गुण तसेही भौतिकशास्त्रातच अडकलेले असतात.

घरीच गोठा असेल तर अडचण उलटी असते. अनुभव आपोआप मिळतो, अभ्यासाला वेळ मिळत नाही. धार, वैरण, शेणघाण यांतलं एकच काम कायमचं अंगावर घ्या, शक्यतो सकाळची धार, आणि बाकीचं घरच्यांशी बोलून बारावीपुरतं सोडून द्या. 'जमेल तसं करतो' म्हटलं की सगळीच कामं गळ्यात पडतात.

शहरातल्या मुलांनी ओळखीच्या पाळीव प्राण्यांच्या क्लिनिकपासून सुरुवात करावी, पण तिथेच थांबू नये. सुट्टीत आजोळी किंवा नातेवाइकांच्या गावी गेलात, की तिथल्या श्रेणी-1 पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. दवाखान्याची वेळ पाटीवर लिहिलेली असते. गर्दी ओसरल्यावर जा. वडील किंवा आई सोबत असू द्या आणि 'काम शिकवा' न म्हणता 'बघू द्या, वैरण-पाणी आणि नोंदीला मदत करतो' असं सांगा. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, कृत्रिम रेतन यांना हात लावायचा नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 प्रमाणे उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. कोणी हौसेने सुई हातात दिली तरी नम्रपणे नको म्हणा.

जाण्याआधी धनुर्वाताची लस झालेली असावी. रेबीजच्या प्रतिबंधक लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. तिचे डोस साधारणपणे 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी देतात. पायात गमबूट, नखं कापलेली. गाभडलेलं (गर्भपात होऊन पडलेलं) वासरू, जार किंवा गर्भाशयाचा स्राव उघड्या हाताने उचलायचा नाही, कारण ब्रुसेलोसिस हा जनावरांना गाभडवणारा संसर्ग माणसालाही होतो. दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही, गोठा घरचा असला तरी.

शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे तपासणी. डॉक्टरांनी परवानगी दिली तर जनावर खोड्यात (तपासणीसाठी अडकवायच्या चौकटीत) असतानाच, बाजूला उभं राहून करा. थेट मागे उभं राहिलात तर लाथ ठरलेली. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून धरायचा. तो शेणाच्या गोळ्यात रुतला तर तापमान कमी दिसतं, ही नवख्यांची नेहमीची चूक. दोरीने तो शेपटीला अडकवून ठेवला की आत जाऊन हरवत नाही. निरोगी गायीचं तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. उन्हातून चालत आलेल्या म्हशीला अर्धा तास सावलीत उभं करून मग मोजा, नाहीतर नसलेला ताप सापडेल. डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खोलगट भागात) मूठ दाबून ठेवली की कोठीपोटाची, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्याची, हालचाल हाताला जाणवते. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा ती व्हायला हवी. बरगड्यांची हालचाल पाहून श्वास मोजा आणि पूर्ण मिनिट मोजा.

हे सगळं वहीत लिहा: तारीख, जनावर आणि वेत (कितव्यांदा व्यायली), मालकाची तक्रार, तापमान, डॉक्टरांचं निदान, आणि शेवटच्या रकान्यात पुस्तकातला धडा. त्या दिवशीच्या एका जनावरामागे वीस मिनिटं पुरेत, पण त्याच संध्याकाळी.

धड्याचा रकाना भरताना सावध राहा. कोठीपोट कितीही रंजक असलं तरी 2024 पासून पचनाचा धडा नीटच्या अभ्यासक्रमात नाही. प्रजनन आणि संप्रेरकं मात्र आहेत. गाय 21 दिवसांनी माजावर येते, स्त्रीचं चक्र 28 दिवसांचं. एस्ट्रोजेन, एलएच आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं दोन्हीकडे काम करतात. घोटाळा इथेच होतो. माज संपल्यावर एक-दोन दिवसांनी काही गायींना थोडं रक्त जातं. ती पाळी नव्हे. ते एस्ट्रोजेन उतरल्यामुळे येतं. स्त्रीची पाळी येते ती पीतपिंड (अंडं सुटल्यावर अंडाशयात तयार होणारा पिंड) विरून प्रोजेस्टेरॉन उतरल्याने. गोठ्यातलं उत्तर नीटमध्ये लिहिलं तर चार गुण जातात, वर एक वजा होतो.

अमेरिकेत शिकायचं असेल तर हिशोब वेगळा. तिथल्या अर्जात तास मागतात, आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखालचे तास व इतर प्राण्यांसोबतचे तास वेगळे दाखवावे लागतात. घरच्या गोठ्यातली धार दुसऱ्या रकान्यात जाते. म्हणून वहीत वेळ आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलं हे पहिल्या दिवसापासून लिहा.

पूर्ण दिवस द्यायचा खरा काळ नीटनंतरचा. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायला वेळ असतो, आणि नेमक्या त्याच सुमाराला पावसाळ्यापूर्वीचं घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांचं लसीकरण गावोगाव चालू असतं. पथकासोबत फिरायची परवानगी मागा. जनावराच्या कानातला टॅग नंबर लिहिणं, दावं धरणं आणि लसीची पेटी सावलीत ठेवणं एवढं काम तुमच्याकडे आलं तरी भरपूर झालं. पेटीत 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान राखायचं असतं, म्हणून झाकण दर जनावरामागे उघडू नका. या लसी गोठल्या तरी निकामी होतात. कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नका.