आधी प्ले शोधा, मग अलाइनमेंट करा

साठच्या वेगात खड्डा लागला की माझ्या ट्रकचं स्टिअरिंग असं थडथडायचं की वाटे, आता हातातून सुटतंय. दोनदा बॅलन्सिंग केलं, मग नवा स्टिअरिंग डँपर (झटके शोषणारा दांडा) बसवला. महिनाभर बरं चाललं, नंतर पुन्हा तेच. डँपरने दुखणं नुसतं दाबलं होतं.

अशा ट्रकच्या अखंड एक्सलमध्ये, म्हणजे पुढच्या एकाच सलग आसात, दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली असतात. एकाचा झटका दुसऱ्याला बसतो. म्हणून आधी प्ले, म्हणजे जोडांमधला ढिलेपणा, शोधायचा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी जॅकवर न घेता इंजिन चालू ठेवा. आत बसलेल्याने स्टिअरिंग जरासंच डावी-उजवीकडे हलवत राहायचं, तुम्ही खालून टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा), ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकांकडे नेणारा दांडा), ट्रॅक बार (एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) यांच्या जोडांवर बोट ठेवायचं. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला कळतो. माझ्या ट्रॅक बारच्या बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं! नुसता बोल्ट आवळून ते भरत नाही; ब्रॅकेट दुरुस्त करावंच लागलं. रबरी बुशचे बोल्ट शेवटी गाडीचं वजन चाकांवर असताना आवळा.

मग चाक उचलून, खाली स्टँड देऊन, वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो सांधा).

कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखा मागे कललेला कोन. त्यानेच स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. गाडी उंच केली की बहुधा तो कमी होतो आणि गाडी भरकटते. तो वाढवायला पाटे (लीफ स्प्रिंग) आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालतात; पाटे एक्सलच्या वर असतील तर तिची जाड बाजू मागे.

टो, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, घरीही मोजता येतो. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही टायरच्या मध्यावर, पुढून, हबच्या उंचीला खडूची खूण करा आणि अंतर मोजा. खुणा मागे त्याच उंचीवर येईपर्यंत गाडी पुढे ढकला, पुन्हा मोजा. पुढचं अंतर साधारण दीड ते तीन मिलिमीटर कमी हवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. तो बदलायला टाय रॉडची स्लीव्ह (लांबी कमीजास्त करणारी नळी) फिरवा, गाडी थोडी मागेपुढे करा, मगच परत मोजा. मी ही पायरी गाळली होती. अख्खी दुपार चुकीच्या आकड्यामागे गेली.

स्लीव्हचे क्लॅम्प आवळल्यावर स्टिअरिंग तिरकं दिसलं तर टाय रॉडला हात लावू नका, ते ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ होतं.