हाताने प्रॉप फिरवायच्या आधी

पायपर जे-3 कब, ते पिवळं दोन सीटचं विमान, 1947 पर्यंत बनायचं आणि अमेरिकेत गवताच्या धावपट्ट्यांवर अजून उडतंय, पण बहुतेक कबना सेल्फ नसतोच, 65 हॉर्सपॉवरचं इंजिन हाताने प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, ओढूनच चालू करायचं.

तर सगळ्यात आधी शेपटी बांधा. दोरी पक्क्या खुंटीला, मग दोन्ही चाकांपुढे चॉक, ट्रकवाले दगड लावतात तसे. आत ब्रेक दाबून माणूस बसलाय की, असं म्हणून दोरी टाळतात लोक, पण कबचे टाचेने दाबायचे ब्रेक यथातथाच असतात, आणि एकटे असाल तर विषयच संपला, दोरी नसेल तर प्रॉपला हात लावायचा नाही. 30 ऑगस्ट 1955 ला सिडनीच्या बँक्सटाउनला एका छोट्या ऑस्टर विमानाचं इंजिन बंद पडलं, पायलट उतरला, प्रॉप फिरवला, आणि विमान त्याला सोडून एकटंच उडालं, जवळपास तीन तास शहराच्या आसपास फिरत होतं, शेवटी नौदलाच्या सी फ्युरी विमानांनी समुद्रावर पाडलं. हसू येतं खरं, पण खाली अख्खं शहर होतं.

आत बसणारा विमान ओळखणारा हवा, हौसेने आलेला मेहुणा नको. स्टिक (विमान चालवायचा दांडा) पूर्ण मागे, थ्रॉटल (विमानाचा ॲक्सिलरेटर) अगदी किंचित उघडा. बाहेरच्याने आधी विमान ओढून बघायचं, हललं तर ब्रेक लागलेच नाहीत.

आता मॅग्नेटो, म्हणजे इंजिनला स्पार्क देणारं यंत्र. गाडीची वायर तुटली की गाडी बंद पडते, इथे उलटं आहे, स्विच ऑफ केला की मॅग्नेटो अर्थ होऊन स्पार्क थांबतो, आणि ती अर्थची वायरच तुटलेली असेल तर स्विच ऑफ दाखवतो तरी स्पार्क पडतोच, म्हणून प्रॉप नुसता बाजूला सरकवायचा असला तरी चालूच आहे असं समजून हात लावा. बोटं पात्याच्या कडेवर टेकवायची, पलीकडे वळवून पकडायची नाही, कारण बुलेटची किक उलटी मारते ना तसाच प्रॉपही मारतो. पायाखाली ओलं गवत, खडी, ऑइल नको. मफलर, हुडीच्या दोऱ्या, गळ्यातलं आयकार्ड, अंगठी काढून ठेवा. खाली ओढता ओढताच अंग मागे जायला हवं, पुढे झुकायला लागत असेल तर तुम्ही लांब उभे आहात.

बोलणं मोठ्याने आणि दोन्हीकडून. बाहेरचा "स्विच ऑफ?" विचारतो, आतला आधी बघतो मग "ऑफ" म्हणतो, "कॉन्टॅक्ट"चंही, म्हणजे स्विच ऑनचंही, तसंच, आणि उत्तर आल्याशिवाय हात नाही. नाही लागलं तर पुन्हा ऑफपासून सुरुवात. पेट्रोल जास्त झालं की स्विच ऑफ, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रॉप उलटा फिरवतात, आणि नंतर थ्रॉटल परत बंद करायला हमखास विसरतात, मग इंजिन लागतं ते थेट फुल्ल पॉवरवर! हे दोघांनीही तपासा.

लागलं की चॉक काढायला पंखाखालून, मागच्या बाजूने यायचं, प्रॉपसमोरून अजिबात नाही, आणि दोरी सगळ्यात शेवटी.

हो, आणि सेल्फवाल्या सेसना विमानाची बॅटरी उतरली म्हणून हे सगळं करायला जाऊ नका, बॅटरी चार्जिंगला लावा आणि चहा घ्या.