गोव्यातल्या घरात कॉम्प्युटरसाठी यूपीएस कसा निवडावा आणि कसा लावावा

गोव्यात वीज दोन तऱ्हांनी त्रास देते. माडाचं चुडत तारांवर पडलं की ती जाते, हा एक त्रास. अशा वेळी अर्धवट टाईप केलेलं काम जातं, कधी हार्ड डिस्कवरच्या फायली बिघडतात. दुसरा त्रास वीज परत येतानाचा. दोन झटके देऊन येते, व्होल्टेज कमीजास्त होतं, आणि कॉम्प्युटर, टीव्ही, राउटर जळतात ते अशाच वेळी. यूपीएस, म्हणजे वीज जाताच क्षणात आपल्या बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणारा डबा, घ्यायला गेलं की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘किती वेळ चालेल?’ माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न आपल्या घराच्या वायरिंगचा.

आधी अर्थिंग

यूपीएस असो की स्पाइक गार्ड (विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा बोर्ड), विजेचा जास्तीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जमिनीत सोडायला त्याला प्लगच्या तिसऱ्या पिनेची, म्हणजे अर्थिंगची वाट लागते. ती वाट बंद असेल तर महागडा स्पाइक गार्डही अर्धंच काम करतो. आपल्याकडची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. वळवाचा गडगडाट मात्र नेमका तेव्हाच सुरू होतो.

म्हणून मे महिन्यात वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावून तीन आकडे बघायला सांगा. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये साधारण २३० व्होल्ट हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा चाळीस-पन्नास दाखवत असेल किंवा नाचत असेल, तर यूपीएस नंतर घ्या, आधी अर्थिंग दुरुस्त करा. जुन्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून आणि उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतून बराच फरक पडतो. खड्ड्यात पुरलेला धातूचा इलेक्ट्रोडच गंजून गेला असेल तर नवा घालावा लागतो.

वायरमन आलाच आहे तर मीटरशेजारच्या बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात. त्याची खूण अशी: काही दिवे एकदम प्रखर होतात किंवा काही मंदावतात, पंख्याचा आवाज बदलतो. असं दिसताक्षणी मेन स्विच बंद करा आणि १९१२ वर तक्रार द्या. एवढा दाब बराच वेळ राहिला तर स्पाइक गार्डच जळून जातो. बोर्डातला प्रोटेक्टर मात्र अख्ख्या घराची वीज तोडून ठेवतो आणि दाब जागेवर आला की पुन्हा जोडतो.

वॅट मोजा

डब्यावर मोठ्या अक्षरात व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेलं असतं, पण आपल्याला वॅट हवेत. साध्या घरगुती यूपीएसमध्ये ६०० व्हीए म्हणजे सुमारे ३६० वॅट. रोजच्या वापराचा डेस्कटॉप मॉनिटरसकट शंभर-दीडशे वॅट घेतो, त्याला हा पुरतो. आत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ११०० व्हीए किंवा त्याहून मोठा बघा, नाहीतर वीज गेल्याक्षणी यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडेल, म्हणजे असून नसल्यासारखा.

६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. नवी असताना ती अशा डेस्कटॉपला पंधरा-वीस मिनिटं देते. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला ती भरपूर आहेत, आणि यूपीएसचं काम तेवढंच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तसल्या संकटात हा छोटा डबा काहीच करू शकत नाही. तिथे मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर किंवा सोलर लागतो.

कुठला प्रकार घ्यावा

ऑफलाइन, लाइन-इंटरॅक्टिव्ह आणि ऑनलाइन असे तीन प्रकार दुकानात दिसतील. घरासाठी लाइन-इंटरॅक्टिव्ह घ्या. व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तर तो बॅटरीला हात न लावता दुरुस्त करतो, त्यामुळे बॅटरी टिकते. गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब राहणाऱ्यांना संध्याकाळी पडलेल्या दाबाचा अनुभव असेलच. ऑनलाइन प्रकार उत्तम, पण महाग आणि सतत पंख्याचा आवाज करणारा.

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय नवा, ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ लिहिलेला असेल तर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा यूपीएस बघा. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर असे काही सप्लाय बंद पडतात. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांकही तपासा. घरगुती यूपीएस आणि इन्व्हर्टरसाठी तो सक्तीचा आहे.

घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, म्हणजे बदल इतका झटपट होतो की बहुतेक कॉम्प्युटर बंद पडत नाहीत. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर त्याच्यापुढे जोडलेला यूपीएस ती वीज स्वीकारत नाही आणि स्वतःची बॅटरी संपवून मोकळा होतो. दोन्ही हवे असतील तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा.

लावताना

नवा यूपीएस आधी सहा-आठ तास नुसता चार्ज होऊ द्या. मग सीपीयू आणि मॉनिटर, एवढंच त्याला जोडा. लेझर प्रिंटर कधीही नाही, कारण कागद तापवताना तो शेकडो वॅट ओढतो. फ्रिज, मिक्सर, पंपही नाही. जागा जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून चार बोटं सुटी आणि खिडकीच्या झडीपासून लांब. पावसाळ्यात उबेला मुंग्या आत शिरतात, पालीही. दर महिन्याला मागची जाळी बघून घ्या.

यूएसबीची वायर असलेला यूपीएस मिळाला तर थोडे पैसे जास्त पडले तरी घ्या. ती वायर कॉम्प्युटरला जोडून बॅटरी वीस-तीस टक्क्यांवर आली की मशीन आपोआप बंद होईल अशी सेटिंग करा. मग शेवटी प्लग काढून बघा: सगळं चालू राहतं का, किती मिनिटं, आणि मशीन खरंच स्वतःहून बंद होतं का. ही चाचणी फाइल उघडी नसताना करायची.

राउटर आणि फायबर इंटरनेटच्या डब्यासाठी वेगळा मिनी यूपीएस चांगला. अडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची धन-ऋण बाजू जुळवूनच घ्या; १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्ट चालणार नाहीत. खोक्यावर लिहिलेल्या ८८०० एमएएचला (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) भुलू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. हिशेब केला तर सुमारे ३२ वॅट-अवर, म्हणजे दहा वॅटच्या राउटरला अडीच-तीन तास.

वीज कडाडते तेव्हा

जवळ वीज पडली तर कुठलाही यूपीएस पुरा पडत नाही. गडगडाट लांब असतानाच प्लग काढा. त्याबरोबर डिशची केबल, टेलिफोनची तार आणि बाहेरून आलेली लॅनची, म्हणजे इंटरनेटची तांब्याची तारही काढा. पॉवरचा प्लग काढूनही मशीन जळतं ते बहुधा या वाटेनं. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र तारांना हात लावू नका. फायबरची काचेची तार स्वतः वीज वाहून नेत नाही, तिच्या डब्याचा अडॅप्टर मात्र काढायचाच.

बॅटरी

लेड-अॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते, उष्ण खोलीत कमी. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून चाचणी घ्या. मिनिटं निम्म्यावर आली की बदला. फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाहेर काढा. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेनं टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तेव्हा बदलताना वायरमनला टर्मिनल पुसून व्हॅसलिन लावायला सांगा. घर महिनोन् महिने बंद ठेवून मुंबईला किंवा परदेशी जाणाऱ्यांनी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, यूपीएस बंद करून प्लग काढावा आणि दर तीन महिन्यांनी शेजाऱ्यांकडून दिवसभर चार्ज करून घ्यावी. रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी सहसा पुन्हा उभी राहत नाही. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच परत द्या, आतल्या शिशाला भाव मिळतो. ती परसात किंवा कचऱ्यात टाकू नका, शिसं विहिरीच्या पाण्यात उतरतं.