हँडलच्या ग्रिप स्वतः बसवताय? मग या चुका टाळा

मोटरसायकलच्या ग्रिप बदलणं इतकं सोपं दिसतं की ते कुणाकडून शिकून घ्यावं असं कुणालाच वाटत नाही. जुनं रबर ओढून काढायचं, नवं घुसवायचं, झालं काम. आणि मग थोड्या दिवसांनी तीच मंडळी तक्रार घेऊन हजर: डावी ग्रिप हातात गोल फिरतेय, रेस सोडली तरी उतरत नाही, ग्रिपवर बांधलेली तार बोटाला टोचतेय. चुकासुद्धा दरवेळी त्याच.

आत सरकावी म्हणून बुळबुळीत काहीतरी लावणं

नवी ग्रिप घट्टच असते, असायलाच हवी. तिचं भोक बारपेक्षा, म्हणजे हँडलच्या दांड्यापेक्षा, किंचित लहान असतं आणि त्या ताणावरच ती बारला धरून राहते. पण अर्ध्यावर अडकलेली ग्रिप दिसली की नवशिक्याचा धीर सुटतो. मग ग्रीस, चेनला मारायचा स्प्रे, भांड्यांचा साबण, जे हाताला लागेल ते. तेल-ग्रीस आत वाळत नाही आणि वर बरेचदा रबर फुगवतं. ते निदान लगेच कळतं तरी. साबण त्याहून फसवा, कारण तो वाळतो. वाळला की ग्रिप पक्की वाटते आणि लावणारा स्वतःवरच खूश होतो.

शेजारच्या एका मुलाने असंच साबणाचं पाणी लावून दोन्ही ग्रिप बसवल्या. मी म्हटलं, काढ, धू, पुसून परत लाव. तो म्हणाला, "काका, ओढून तर बघा, हलते का!" ओढून बघितली. खरंच हलत नव्हती. पुढे बरेच दिवस कोरडे गेले, तोवर माझं म्हणणं त्याच्या लेखी म्हाताऱ्याची कटकट. मग एका संध्याकाळी भर पावसात गाडी ढकलत दारात आला. डाव्या ग्रिपच्या आतल्या कडेतून पांढरा फेस बाहेर येत होता आणि ग्रिप बारच्या टोकाच्या पुढे अंगठाभर आलेली. खड्डा चुकवताना त्याने हँडल स्वतःकडे ओढलं, तेव्हा हँडल जागेवर राहिलं आणि ग्रिप तेवढी हातात आली. पडला नाही, हे नशीब.

माझी पद्धत अशी. बारवरचा जुना ग्लू खरवडून काढायचा, पेट्रोलच्या फडक्याने पुसायचं आणि शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा मारायचा, कारण पेट्रोलचा थोडा तेलकटपणा मागे राहतो. मग ग्रिपसाठी मिळतो तो ग्लू, ग्रिपच्या आत आणि बारवर, पातळ. ओला असेपर्यंत हाच ग्लू ग्रिप सरकवतो, वेगळं काही लावावं लागत नाही. पिळत पिळत एका दमात शेवटपर्यंत न्यायची, मध्ये थांबून फोटो काढायचे नाहीत. थांबलात तर ती तिथेच धरते. ग्लू नसेल तर नुसतं अल्कोहोलही चालतं, ते उडून जातं.

त्यानंतर गाडी रात्रभर उभी. ग्लूच्या डबीवर लिहिलेला वेळ वाचायला दिलेला असतो. सकाळी ग्रिप लावून दुपारी फेरीला निघणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

झटपट चिकटणारा सुपरग्लू? तो ग्रिप अर्ध्यावर असतानाच पकडतो. बसलीच तर पुढच्या वेळी कापल्याशिवाय निघत नाही. हेअरस्प्रेचा जुना उपाय अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ज्यांना सारख्या ग्रिप बदलायच्या असतात त्यांनी खुशाल वापरावा, मी वापरत नाही.

उजवी ग्रिप डावीसारखीच समजणं

डावीकडे रबर थेट बारवर बसतं. उजवीकडे ते ॲक्सिलरेटरच्या प्लास्टिकच्या नळीवर बसतं आणि ती नळी बारवर फिरते. म्हणूनच जोडीतल्या दोन ग्रिपची भोकं वेगळी असतात: नेहमीच्या 22 मिलिमीटरच्या बारला डावी साधारण तेवढीच, तर उजवी साधारण 25 ची. अदलाबदल झाली की एक जाता जात नाही आणि दुसरी सैल बसते. मग सैल बाजूला टेपचे वेढे! टेप काढा आणि ग्रिप बदलून बघा.

खरा धोका पुढे आहे. डाव्या बाजूच्या सवयीने उजवी ग्रिपही लोक ठोकून, पार स्विचच्या डबीला टेकेपर्यंत आत नेतात. मग रबराची कड डबीवर घासते. किंवा बाहेरचं टोक बार एंडला, म्हणजे बारच्या टोकावर बसवलेल्या वजनाला टेकतं. दोन्हीचा परिणाम एकच: हात सोडला तरी रेस पूर्ण उतरत नाही.

ओळखीच्या एकाची गाडी सिग्नलला उभी राहून नुसती गुरगुरायची. त्याने आयडलचा स्क्रू पिळून पाहिला, कार्बोरेटर उघडून साफ केला, केबल नवी टाकली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. ग्रिप नवी घातल्यापासूनच हे सुरू झालंय, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. ग्रिप मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर ओढली आणि गाडी शांत झाली. केबलचे पैसे गेले ते गेलेच.

मी उजवी बसवताना डबी आणि ग्रिपच्या मध्ये एक जुनं व्हिजिटिंग कार्ड दुमडून ठेवतो. ग्रिप त्याला टेकली की थांबायचं, कार्ड काढून घ्यायचं. बाहेरच्या टोकालाही तेवढीच फट राहतेय ना, ते बघायचं. मग इंजिन बंद ठेवून रेस पूर्ण पिळायची आणि सोडायची. 'टक्' आवाज करून ती आपोआप मागे आली पाहिजे, हँडल डावीकडे वळवलेलं असताना, सरळ असताना आणि उजवीकडे असतानाही. हळूहळू परतत असेल तर गाडी बाहेर काढायची नाही. "वापरून वापरून मोकळी होईल" हे वाक्य मला ऐकवू नका.

इथे ग्लूही हात राखून लावा. जास्तीचा ओघळून नळीच्या टोकातून आत गेला तर नळीच बारला चिकटते. मी ग्रिप बसल्यावर, ग्लू धरेपर्यंत अधूनमधून रेस फिरवून बघतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

जुनी ग्रिप कटरने कापताना उजवीकडे हात हलका ठेवा, प्लास्टिकच्या नळीवर चर पडतात. ॲसिटोनही त्या नळीपासून लांब, धातूच्या बारवर चालेल. ग्रिप वाचवायची असेल तर कडेतून पातळ स्क्रूड्रायव्हर सरकवून अल्कोहोल सोडा किंवा कॉम्प्रेसरची हवा मारा.

तार बांधायची तर ग्रिपवर तिच्यासाठी दिलेल्या खाचेतच, स्टेनलेसची, आणि पिळाचं टोक कापून खालच्या बाजूला रबरात दाबून टाकायचं. पक्कड हातात आली की लोक पीळ देतच सुटतात, तार रबर कापते नाहीतर तुटते. मातीत, चिखलात गाडी उडवणाऱ्यांना तार हवीच. रोज ऑफिसला जाणाऱ्याला ग्लू पुरतो, तार निव्वळ मिरवायला.

बोल्टने आवळायच्या ग्रिपला ॲलन की दोन बोटांनी फिरवा. उजवीकडे अति आवळलं की नळी दबते आणि रेस जड होते.

गरम होणाऱ्या ग्रिप असतील तर ग्लू लावण्याआधी त्या जोडून गरम होतात का ते पाहा. उजव्या ग्रिपच्या वायरला रेस पूर्ण पिळेपर्यंत ढील हवी, नाहीतर ती मुळाशी तुटते. ग्लूही उष्णता सोसणारा घ्या.

आणि जुन्या गुळगुळीत ग्रिपवर फोमची खोळ चढवणं म्हणजे ग्रिप बदलणं नव्हे. ओली झाली की खोळ फिरते, रेस नाही.